मोराचा अडकित्ता

ऑनलाइन लिलावात मोराच्या घाटाच्या अडकित्त्यावर उकिडव्यांनी अकरा वर्षांच्या आठवणींची बोली लावली, तसे घैसास फोनकडे बघून खुदकन हसले. गेल्या लिलावात याच उकिडव्यांनी खोट्या नावांनी बोली चढवत नेली होती. किंमत म्हणून कुठल्या आठवणी द्यायच्या ते ज्याचं त्याने निवडायचं असतं. घैसासांनी तेव्हा हट्टाला पेटून स्वतःचं लग्न देऊन टाकलं. आता ते फक्त अल्बममध्ये आहे.

घैसासांनी आपल्या तिसऱ्या खोट्या नावाने बारा वर्षं लावली. उकिडव्यांनी थेट बावीस. घैसास तिथेच थांबले.

गडी किती पोखरला गेलाय ते डोळ्यांनी पाहायला ते दुसऱ्या दिवशी उकिडव्यांच्या दारात हजर झाले.

"या, या! आपण कोण?" उकिडवे प्रसन्न हसले.

"घैसास! तुमचा बावीस वर्षांचा वैरी!"

"अस्सं? म्हणजे मी तेच देऊन टाकलं तर!"

घैसास आत जाऊन बसले आणि पहिल्या अपमानापासून सगळं सांगू लागले. उकिडव्यांनी तल्लीन होऊन ऐकलं, नव्या अडकित्त्याने सुपारी कातरून पुढे केली.

"मी इतका हलकट होतो? अहो, मग सांगा ना पुढे!"