बारुदीचे दोन डबे

स्प्रिंगफील्ड लेक्सच्या घरी, गॅरेजात कॅसिमिर रायफलची काडतुसं भरायला बसला, तेव्हा बायको म्हणाली, "तुझे बारुदीचे दोन अर्धे डबे होते ना, ते मी एकात ओतले. तूरडाळीचे ओतते तसे."

कॅसिमिरने हातातलं रिकामं काडतूस खाली ठेवलं. "अगं रीटा, दोन्ही बारुदी वेगळ्या होत्या. सगळी फेकावी लागणार आता. उद्या संडे, गन शॉप बंद. मॅच गेली माझी."

"मग आपल्या क्लोईच्या पहिल्या कम्युनियनला चर्चमध्ये येशील. मॅच आटपून थेट जेवायलाच येणार होतास."

"रायफल तोंडावर फुटली असती. मेलो असतो मी."

"दोन बारुदी मिसळायच्या नसतात, हे लग्नापासून ऐकतेय," रीटा दमल्या आवाजात म्हणाली. "म्हणून तर आजच सांगितलं."