अकोल्यात बसून अमरावती

१९६३ साल. अकोल्याच्या एका जिनिंग कंपनीच्या साऱ्या फायली अमरावतीच्या ऑफिसात असत. एखादा कागद पाहायचा म्हटलं की कारकून धर्मपाल एस.टी.नं अमरावतीला जायचा. मालक सूर्यभानजींना हे फार मागासलेलं वाटू लागलं. फोन काळा घ्यावा की काळाच घ्यावा, यावर तीन मीटिंगा झाल्या आणि दोन्ही ऑफिसांत फोन आला.

“आता मी अकोल्यात बसून अमरावतीची फाइल पाहीन,” मालक म्हणाले. “धर्मपाल, तुहं काम संपलं. उद्यापासून येऊ नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मागितलेला ट्रंककॉल दुपारी लागला. मालक फोनमध्ये ओरडले, “खुशालराव, सरकीच्या कराराची फाइल काढा अन् वाचून दाखवा!”

“काढतो जी,” अमरावतीचे खुशालराव तिकडून ओरडले. “पण कपाटाची किल्ली तुमच्या करगोट्याले हाय. धर्मपालच तं आणत होता ते.”



धर्मपालला घरून बोलावणं गेलं, आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवत मालक म्हणाले, “पोचला का फोन करजो, सोय झाली हाय आता.”