पिलारशी अर्धा तास

"एस्तोय कान्सादा," अनुपमा म्हणाली. मी थकले आहे. पुस्तक न बघता आणि न अडखळता तिला म्हणता येणारं हे एकमेव स्पॅनिश वाक्य.

"हे तू रोजच सांगतेस," फोनमधून पिलार स्पॅनिशमध्येच म्हणाली. "पुढं बोल."

पिलार म्हणजे स्पेनमधली एक निवृत्त शिक्षिका. आठवड्यातून चार संध्याकाळी अर्धा तास ती अनुपमाकडून बोलण्याचा सराव करून घेई. अनुपमाची शिरूरकडची कंपनी दोन माणसं तीन वर्षांसाठी स्पेनला धाडणार होती आणि त्यासाठी भाषा यायला हवी होती. त्यामुळे सकाळी कंपनीच्या बसमध्ये क्रियापदं, संध्याकाळी दौंडला घरी आल्यावर कणीक मळता मळता मोठ्यानं व्याकरण, आणि मग पिलार. यो म्हणजे मी, इथून सुरुवात झाली तेव्हा तिला वाटलं होतं, सोपं आहे की! मग भूतकाळ आला. आपलं एकाच भूतकाळानं कंबरडं मोडतं, या लोकांना दोन-दोन लागतात. दिवसभर मशीनपुढं उभी राहिलेली बाई त्या दुसऱ्या भूतकाळावर डोकं टेकून कितीदा झोपली, याची गणतीच नाही. असे चौदा महिने गेले होते.

इअरफोन लावला की स्वतःचे उच्चार नीट कळत नाहीत, म्हणून फोन स्पीकरवर असे. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे सासरे, बबनआप्पा, पुटपुटत बसलेले असत.

आप्पांची छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेली. पलीकडच्या स्टेशनाहून फोनवर निरोप आला की तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, मग लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी द्यायची, मग गाडी सुटायची. आता केबिन राहिली नव्हती, पण कानावर पडेल ते परत म्हणायची खोड काही गेली नव्हती. टीव्हीवरच्या बातम्या म्हणा, भंगारवाल्याची हाळी म्हणा, आप्पांच्या ओठांवर सगळंच. शेजारची बानूबाई चिडवायची, "म्हातारा जपाला लागला गं."

अनुपमाच्या नवऱ्याला, विक्रमला, जाऊन पाच वर्षं झाली होती. त्या वेळी भावकीनं अनुपमाला माहेरी धाडायचं बोलणं काढलं, तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले होते, "ती कुठं जानार न्हाई." त्या वाक्याच्या आधारानं ती उभी राहिली. आता तेच वाक्य तिच्या पायात येत होतं.

मराठीत जे जिभेवर येत नसे, ते स्पॅनिशमध्ये बिनघोर निघे. मुलाखतीत पास झाले, तिनं पिलारला सांगितलं. सोमवारी होकार कळवायचा आहे. पण आप्पांना रोज इन्सुलिन लागतं. दोनदा गॅस चालू ठेवून झोपले. शिरूरला एक वृद्धाश्रम पाहिलाय. स्वच्छ आहे, दारात कडुनिंब आहे, आणि एकच जागा शिल्लक आहे. त्यांना यातलं काही माहीत नाही. मला लाज वाटते.

"त्यांच्या भाषेत सांगून बघ," पिलार म्हणाली.

"त्यांच्या भाषेतच तर जमत नाही."

फोन ठेवला तशी आप्पांनी मान वर केली. "आज काय म्हनली बाई?"

"काही नाही आप्पा. हवापाण्याचं."

"लईच बोलता बया हवापान्यावर," आप्पा म्हणाले आणि पुन्हा पुटपुटू लागले.

गुरुवारी ती घरी आली तर दाराला कुलूप. बानूबाईला पत्ता नव्हता. आप्पांचा फोन लागेना. सातला आप्पा एसटीनं आले, चपला धुळीनं माखलेल्या.

"न्हावऱ्याला गेलतो. जुना जोडीदार वारला, त्याचा जलदानविधी हुता."

"सांगून जायचं ना आप्पा! आणि इंजेक्शन?"

"घेतलंतं संगं. मी काय कुकुलं बाळ हाय व्हय?"

ती त्यांना खूप बोलली. मग भाकरी टाकता टाकता तिलाच भरून आलं. दोन तास हा माणूस दिसला नाही तर जीव टांगणीला लागतो, तीन वर्षं आपण कशी काढणार होतो?

तरीही शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं आश्रमाला फोन लावलाच.

"ती जागा गेली हो ताई," पलीकडची बाई म्हणाली. "परवा गुरुवारीच भरली. आता वर्षभर तरी काही सांगता यायचं नाही."

अनुपमाला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. त्यातलं जास्त काय, हे बघायचं तिच्यात त्राण नव्हतं. बसमध्ये तिनं पुस्तक काढलं नाही. वाटेवरचं न्हावरं आलं, गेलं, ती खिडकीला डोकं लावून उसाकडे बघत राहिली.

संध्याकाळी कणीक मळून झाली. व्याकरणाला तिनं सुट्टी दिली. पिलारचा फोन मात्र ठरल्या वेळी आला.

"एस्तोय कान्सादा," अनुपमा म्हणाली. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत सांगितलं. मी येत नाही. आश्रमातली जागा गेली. सोमवारी कंपनीला नाही म्हणून कळवते. आप्पांना एकटं टाकून मला जाता येणार नाही. तुझे चौदा महिने वाया घालवले, माफ कर.

"वाया काही गेलं नाही गं," पिलार म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला. एवढ्या लांबच्या, कधी न भेटलेल्या बाईला आपल्यासाठी वाईट वाटतंय, हे कळून अनुपमाचे डोळे भरले.

"पण कुणी घेतली ती जागा?" पिलारनं मग विचारलं.

"कुणास ठाऊक."

कोपऱ्यातली पुटपुट थांबली होती.

"यो," आप्पा म्हणाले. मग अनुपमाकडे बघून, केबिनमधल्या जुन्या खणखणीत आवाजात, "लाइन क्लिअर."