निवेदनावरची सही

बारमधली सिगारेटबंदी कडक झाली आणि राजूरच्या गुणवंतरावांचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. खाणीतून सुटलेली माणसं दारावरची पाटी वाचून परत फिरू लागली. शेवटी तालुक्यातले सगळे बारवाले एक झाले. बंदी उठवा, असं निवेदन तयार झालं. त्यावर नोकरांच्याही सह्या हव्या होत्या. गुणवंतरावांनी कागद मारोतीपुढे ठेवला. मारोती त्यांचा वीस वर्षं जुना वेटर. स्वतः कधी बिडीला शिवला नव्हता.

"तुयंही लय नुकसान झालं," ते म्हणाले. "बायको काय म्हनते?"

"थे झोपतच नाही, मालक."

"काळजीनं?"

"हो ना. वीस वर्षं मी रातभर खोकलो, तिले सवय झालती. आता खोकला गेला, तं घडीघडी उठते अन् नाकापाशी हात धरून पाह्यते, श्वास चालू हाय का म्हून."

मारोती हसला आणि सही करायला वाकला. गुणवंतरावांनी कागद हळूच ओढून घेतला. सगळ्यात वर त्यांचंच नाव होतं. त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली.

"वयनीले सांगजो," ते म्हणाले, "आता निवांत झोपत जा म्हना."