कोरडे कागद

एरंडेल पाजून हगवण लावलेल्या उंदरांना विद्यार्थिनीने आपण काढलेला पाल्याचा अर्क दिला, आणि दुपारी पिंजऱ्यांखालचे कागद कोरडे ठणठणीत निघाले. तिच्या सरांच्या पोटात दुखलं. ते तिच्यावर खेकसले, "अर्क कसला, गढूळ पाणी आहे हे! उंदीर आपोआप बरे झालेत. तुला संशोधन जमायचं नाही, घरी बस."

ती निघून गेली आणि आयत्या बिळावर नागोबा व्हायला सर मोकळे झाले. शोधनिबंधावर स्वतःचं एकट्याचं नाव घालून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बाटलीवर झाडाचं नावच नाही.

त्यांनी मधाळ आवाजात तिला फोन लावला, "बाळा, तो अर्क कशाचा काढला होतास गं?"



"जमालगोट्याचा, सर. आधी स्वतः पिऊन बघा."