शिंकेची जागा

पिटुकलीने असं काही भोकाड पसरलं की बाबांच्या खांद्यावरची बॅगच खाली पडली.

नुसते हात तर पुढे केले होते त्यांनी! पण ती पाल बघितल्यासारखी मागे सरकली आणि ताईच्या पायांना घट्ट बिलगली. बाबा जहाजावर आचारी. गेले तेव्हा ही मांडीवरचं गाठोडं होती, आता घरभर दुडदुडत होती. फोनवर दिसायचे ते, पण समुद्रातून चेहरा यायचा तो अर्धा ठिपक्यांचा. त्यात आता दाढी.

"अगं, बाबा कुठेत? दाखव बरं," आई म्हणाली.

पिटुकलीने नाक पुसलं. तुरुतुरु धावत कोपऱ्यातल्या टोपलीपाशी गेली आणि वर हत्तीचं चित्र असलेलं जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक छातीशी धरून आली.

"बाबा!" ती पुस्तकाला म्हणाली.

आत्याला हसू आवरेना. "घ्या! दादा, तुझी जागा हत्तीने पटकावली! तरी मी सांगत होते ताईला, एवढ्याशा पोरीला कसली आलीयेत पुस्तकं? ती वाचत नाही, कुरतडते!"

खोटं नव्हतं. पुस्तकाचा एकही कोपरा धड उरला नव्हता. बाबाही हसले, पण फक्त ओठांनी. मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ पीतच राहिले.

रोज शाळेतून आल्या आल्या दप्तर भिरकावून ताईनेच ते पुस्तक पिटुकलीला वाचून दाखवलं होतं. म्हणजे आपणच घोळ घातला की काय? छे! तिने पुस्तक उचललं आणि हाक मारली.

"बाबा, आत्ताच्या आत्ता इथे येऊन बसा. आणि वाचा."

बाबा फरशीवर मांडी घालून बसले. पिटुकलीकडे न बघता त्यांनी पान उलटलं. मांजर. "म्याँव." पिटुकली ताईच्या मागून डोकावली. बेडूक. "डराँव." ती एक पाऊल पुढे आली.

हत्ती. बाबा थांबले. हत्ती काय करतो ते तिथे लिहिलेलंच नव्हतं.

पिटुकलीही थांबली. या पानावर घरात सगळेच थांबायचे. "इथे बाबा शिंकतात," एवढंच ताई रोज म्हणायची, आणि क्षणभर गप्प राहून पान उलटायची. मी शिंकू का, म्हणून आत्याने किती वेळा विचारलं, पण ताईचं नाही म्हणजे नाही!

"पुढचं तुमचं आहे, बाबा," ताई कुजबुजली. "आम्ही कोणीच नाही केलं."

बाबांनी त्या सोंडेकडे नीट पाहिलं. मांडीवरचं गाठोडं आठवलं, आणि त्याला हसवायला याच पानावर हत्तीसारखं शिंकण्याचा आपलाच खट्याळपणा. त्यांनी नाक वर केलं. डोळे मिटले.

"आ... आऽ... आऽऽऽक् छीऽऽ!"

आत्या दचकून खुर्चीतून उठलीच.

पिटुकलीने हत्तीकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग पुन्हा हत्तीकडे. एक चिमुकलं बोट पुढे आलं आणि दाढी टाळून नेमकं त्यांच्या नाकावर टेकलं.

"बाबा," ती म्हणाली, आणि उघड्या हत्तीवरच, त्यांच्या मांडीत, फतकल मारून बसली.