दोरीवरच्या तीन चादरी

"तिसरी जरा डावीकडे," फॅन्शॉसाहेब म्हणाले, आणि घरच्या म्हाताऱ्या मोलकरणीने, केझियाने, तोंड वाकडं करत तिसरी पांढरी चादर दोरीवर डावीकडे सरकवली.

लेडी हेस्टर आपल्या बागेच्या पायरीवर उभी होती. खाली कॉर्नवॉलचा समुद्र उन्हात चकाकत होता, आणि खडकांमागे राजा जॉर्जचे बारा शिपाई बंदुका घेऊन दबा धरून बसले होते. फॅन्शॉ हा लंडनहून आलेला नवा जकात अधिकारी. चोरटी ब्रँडी उतरवणाऱ्या गॅवेन पास्कोला पकडायचा त्याने विडाच उचलला होता. हेस्टरच्या दोरीवर लाल परकर दिसला की गॅवेन परत फिरतो आणि तीन पांढऱ्या चादरी दिसल्या की किनाऱ्याला लागतो, हे कुणीतरी फितूर होऊन फॅन्शॉला सांगितलं होतं. आज किनाऱ्याला लागला की थेट फाशीच.

"बाईसाहेब, पण आज..." केझियाने तोंड उघडलं. हेस्टरने तिच्या पायावर पाय दिला.

"आज ऊन छान आहे म्हणतेय ती," हेस्टर म्हणाली.

आज रविवार होता, देवाचा वार, कामाला हात न लावण्याचा. रविवारी धुणं वाळत घालणारी बाई अख्ख्या कॉर्नवॉलमध्ये शोधून सापडली नसती. शेजारणींनी तिचं नाक कापलं असतं. रविवार फॅन्शॉलाही ठाऊक होता, पण कपडे कोण धुतं आणि कधी धुतं याच्याशी त्याचा जन्मात संबंध आला नव्हता. सकाळी ते खुर्चीवर घडी करून ठेवलेले असत, एवढंच.

अडचण एकच होती. समुद्रावर गेलं की गॅवेनला वार आठवत नसे. गेल्या महिन्यात तो रविवार समजून चर्चचा कोट घालून मंगळवारी तिच्या दारात उभा राहिला होता आणि खुशाल तिला लग्नाचं विचारून गेला होता. "हो असेल तर तुझा तो नवा हिरवा झगा दोरीवर टाक, मी लांबून बघेन. नसेल तर राहू दे. पुन्हा विचारीन, मला कुठं घाई आहे!" झगा अजून पेटीतच होता. चोरट्याशी संसार थाटायचा म्हणजे काय खेळ आहे?

लांबवर गॅवेनचं तपकिरी शीड दिसलं. हा माणूस गेला तर उद्या सकाळी उठायचं तरी कशाला, असं हेस्टरच्या मनात आलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

"साहेब," ती म्हणाली, "गावात तुम्ही कुणाला घराबाहेर पडू दिलं नाहीत. मग चर्चची रविवारची घंटा कोण वाजवणार? ती वाजली नाही तर त्याला संशय येईल."

फॅन्शॉने भुवई उंचावली. "तुम्ही मला मदत करताय?"

"तुमची माणसं माझी फुलझाडं तुडवताहेत. लवकर काय ते उरका नि जा."

हे त्याला पटलं. त्याने एक शिपाई चर्चकडे पिटाळला.

घंटा वाजू लागली. वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. चादरी फडफडत होत्या, घंटा घणघणत होती, आणि शीड मात्र पुढेच येत होतं. हेस्टरने कठडा घट्ट धरला. 'वार आठव रे बाबा, एवढा एक वार आठव.'

गलबत थबकलं. मग सावकाश, अगदी ऐटीत वळलं. मागच्या बाजूला उभ्या एकाने टोपी काढून वाकून नमस्कारही केला.

"कळलं कसं त्याला?" फॅन्शॉ लालबुंद झाला. "चादरी तीनच होत्या ना?"

"तीनच होत्या. पण माणूस मोठा देवभोळा आहे हो," हेस्टर म्हणाली. केझियाला जोराचा ठसका लागला.

शिपाई गेले. केझिया घाईघाईने चादरी काढू लागली. "कुणी बघितलं असेल तर मला उद्या तोंड दाखवायला जागा नाही, पोरी."

"उद्या सोमवार," हेस्टर म्हणाली. "पेटीतला तो हिरवा झगा काढ. धुवायचाय."

"अगं, एकदासुद्धा अंगाला लावला नाहीस तो. कोरा करकरीत आहे."

"असू दे. धू."